पोशेऱ्याच्या फाट्यावरची तीन मिनिटं

तत्त्वासाठी तुम्ही कधी दुसऱ्याची लाडकी वस्तू मोडली आहे का? चुकून नाही, रागाच्या भरातही नाही. शांतपणे, आपलंच बरोबर आहे याची पुरती खात्री असताना? मी मोडली आहे. एका अख्ख्या हंगामात, दर रविवारी थोडी थोडी.

यंदा नागली, म्हणजे तुमची नाचणी, कापायला आली तेव्हा मी जव्हारला होते. कितीतरी वर्षं हे दिवस माझ्या हातून निसटत होते. नोकरी ठाण्याला, सुट्टी दिवाळीपुरती, आणि दिवाळीत घरी आलं की माणसं भेटतात, शेतं भेटत नाहीत. या वेळी सुट्टी मुद्दाम पुढे ओढून घेतली. का, ते पुढे येईलच.

आमच्याकडे वर्षाचा हा तुकडा कुठल्याच ऋतूत धड बसत नाही. पाऊस गेलेला असतो, पण ओहोळ अजून बोलत असतात. सकाळी धुक्यात समोरची गाय दिसत नाही आणि अकराला ऊन पाठ भाजून काढतं. डोंगराच्या उतारावर खुरासणीच्या फुलांचे पिवळे चौकोन, त्यांच्या वर नागली, कणसं मुठी वळल्यासारखी मिटलेली. कापलेल्या गवताचा वास सगळीकडे, थोडा गोड, थोडा घशाशी येणारा. ते गवत ट्रकवर डोंगराएवढं रचून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. आणि याच दिवसांत रस्त्याच्या कडेला माणसं बसलेली दिसू लागतात. पत्र्याची पेटी, गोधडीचं बोचकं, टोपलीखाली कोंबडी, मांडीवर तान्हं मूल. वीटभट्टीचा ट्रक कधी येतो याची वाट बघत. गवत आणि माणसं एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यानं बाहेर जातात. गवत परत येत नाही. माणसं येतात, मृगाच्या तोंडावर, निम्मी होऊन.

हा हंगाम मी डोळ्यांनी बघण्याआधी पत्रकांत वाचला. माझे बाबा जामसरच्या शाळेत मास्तर, आणि शाळा सुटल्यावर संघटनेचे कार्यकर्ते. घरात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. शाईचे डाग उंबऱ्यापासून मोरीपर्यंत. मला 'कमळ' लिहिता येण्याआधी 'जाहीर निषेध' लिहिता येत होतं, असं आई सांगते आणि सांगताना ती हसत नाही. साखर जुन्या पत्रकाच्या पुडीत, पुस्तकांना कव्हर पत्रकांचीच, चुलीतही तीच. रोजगार हमीची कामं ट्रक यायच्या आधी सुरू करा. रेशनचं रॉकेल आम्हाला पुरतं मिळालं पाहिजे. भगताच्या नादी लागू नका, दवाखान्यात चला. अठराव्या वर्षी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, पत्रकांचा मजकूर मी लिहू लागले होते. माझे दोन शत्रू ठरलेले होते: उधळपट्टी आणि अंधश्रद्धा. दोन्ही मला लांबून ओळखू येतात, असं मला वाटायचं.

आणि त्या वर्षी मी ज्या गाडीत बसत होते, तिच्यात दोन्ही होत्या. निदान तेव्हा माझं तसं मत होतं.

ती गाडी हनीफचाचांची. चाचांचं गॅरेज एसटी स्टँडच्या मागच्या उतारावर. तरुणपणी ते आखातात मेकॅनिक म्हणून गेले आणि नव्वदीच्या सुरुवातीला परत आले. तिकडून परतणारे टेपरेकॉर्डर आणायचे, ब्लँकेटं आणायचे, अत्तर आणायचे. चाचांनी गाडी आणली. ज्या शेठकडे ते कामाला होते त्याच्या पोराला ती नकोशी झाली होती. ऐंशीच्या दशकातली, जपानी, दोन दारांची, मागची काच घसरगुंडीसारखी उतरती. पुढच्या दिव्यांवर अर्ध्या पापण्या. दिवा लावला की पापणी उघडायची. रंग एकेकाळी चांदीचा असावा, आमच्याकडे येऊन तो राखेचा झाला. मागच्या बाजूला लाल अक्षरांत टर्बो असं लिहिलेलं, त्यातलं शेवटचं अक्षर तुटलेलं. स्टिअरिंग डाव्या बाजूला. जव्हारात तिला कुणी गाडी म्हणायचं नाही, 'चाचाची बेडकी' म्हणायचे.

चाचांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या गल्ल्यात एक इंग्रजी मासिक होतं, तिकडून आणलेलं, पानं सुटलेली. त्यात त्या काळच्या टर्बो गाड्यांची भलीमोठी रंगीत छायाचित्रं होती, एकेका गाडीला दोन-दोन पानं. या गाडीचं छायाचित्र शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि खाली दीड ओळ. चाचा गिऱ्हाइकाला ती दीड ओळ दाखवायचे. मी एकदा म्हटलं, यात फुशारकी कसली? ज्यांनी ती बनवली त्यांच्या बाजूच्या लोकांनाही तिची पर्वा नाही.

"म्हणूनच तर," चाचा म्हणाले. "दोन पानं ज्यांची हायेत त्यांना बघणारे लाखो. हिला कोण आहे? मी आणि गुरुजी."

गुरुजी म्हणजे भोये गुरुजी. गाव पोशेरा, नोकरी जव्हारच्या शाळेत, विषय गणित. सहा फूट उंच माणूस, जाड भिंगाचा चष्मा. शनिवारी शाळा सुटली की गॅरेजात येऊन बसायचे आणि चाचांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायचे. त्या गाडीचा एकही भाग आपल्या देशात मिळत नव्हता. मुंबईच्या सुट्या भागांच्या बाजारात नाव सांगितलं की दुकानदार विचारायचा, ही गाडी आहे की औषध? मग क्लचची प्लेट जीपची कापून बसवली, पट्टा टेम्पोचा, वायपर एसटीच्या भंगारातला, तोही एकच. गुरुजी मापं काढायचे, वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकृती काढायचे, आणि चाचा ती आकृती लोखंडात उतरवायचे. दोघांत मैत्रीची भाषा अशी काही नव्हतीच. एक म्हणायचा, अर्धा सूत कमी कर. दुसरा म्हणायचा, केला.

त्या हंगामात बाबांचा पाय मोडला. पत्रकं मोखाड्याच्या बाजूला पोचवायचं काम माझ्यावर आलं. रविवारी एसटी कमी, जीपवाले छपरावर बसवायचे. बाबांनी चाचांना विचारलं. चाचा रविवारी गाडीला मोखाड्यापर्यंत फिरवून आणायचेच, गुरुजी शेतावर जायला सोबत असायचेच. म्हणाले, पर्चेवालीला पाठवा. तेव्हापासून त्यांच्यासाठी माझं नाव तेच झालं.

मी तयार झाले, पण मनात अढी ठेवून. गाडीत बसताना कुणी बघत नाही ना, हे पाहायची. 'स्थलांतर थांबवा' असं छापलेले गठ्ठे मांडीवर घेऊन मी परदेशी टर्बोतून ट्रकची वाट बघणाऱ्या माणसांसमोरून जाणार होते. या विरोधावर मी एक पत्रकसुद्धा लिहायला घेतलं होतं. बाबांनी ते वाचलं आणि उशीखाली ठेवून दिलं. त्यांची रीतच होती, रागानं लिहिलेलं पत्रक एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, हनीफनं कुणाचं काय घेतलंय? पत्रक चुलीत गेलं. पण राग गेला नव्हता, त्यानं फक्त जागा बदलली होती.

ही गाडी एकट्या माणसाला चालवता येत नसे. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढे गवताचा ट्रक असला की चाचांना पलीकडचा रस्ता दिसायचा नाही. उजवीकडे बसणाऱ्यानं मान बाहेर काढून सांगायचं. रस्ता रिकामा असेल तर 'मोकळा', समोरून काही येत असेल तर 'थांब'. तिसरा शब्द नाही. आधी हे काम गुरुजींकडे होतं, पण एकदा त्यांनी धुक्यात म्हशीला 'मोकळा' म्हटलं होतं. तेव्हापासून त्यांची बदली मागच्या सीटवर झाली. सहा फुटांचा तो माणूस गुडघे हनुवटीशी घेऊन, पत्रकांचे गठ्ठे पोटाशी धरून मागे बसायचा आणि दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढायचा. कारण तिथून एक घड्याळ दिसायचं. वेगाचं नव्हे, टर्बोचं. एक छोटी तबकडी, त्यात नारिंगी काटा.

या गाडीला चढणीवर ॲक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच व्हायचं नाही. दाबला, आणि गाडी आपली विचारात पडल्यासारखी. एक. दोन. गवताचा ट्रक तिथेच, आपण तिथेच. चाचा म्हणायचे, माझ्या सासूसारखी हाय, बोललेलं उशिरा पोचतं. आणि मग बॉनेटखालून एक बारीक शीळ यायची, लांबून येणारी, चढत जाणारी. मागून गुरुजींचा आवाज, "उठली." काटा हलला. "उठली, उठली." आणि पाठीला कुणीतरी तळहात लावून ढकलावं तसा धक्का. खुरासणीचे पिवळे चौकोन वितळून एक पट्टा व्हायचे. गवताची काडी काचेवर आपटायची. मी ओरडत असायची, मोकळा, मोकळा, मोकळा.

गणिताचे गुरुजी हसायचे. वर्गात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

चढण संपली की पोशेऱ्याचा फाटा. तिथे वळणापलीकडे चहाची टपरी. चाचा गाडी कडेला घ्यायचे, पण इंजिन बंद करायचे नाहीत. पहिल्या रविवारी त्यांनी किल्लीकडे बोट दाखवून मला सांगितलं, "बेटी, चढून आलेल्या माणसाला दारातच झोपवशील का? आधी बसेल, श्वास घेईल. तीन मिनिटं चालू राहू दे, मग बंद कर. हातात घड्याळ हाय ना?"

घड्याळ होतं. ते दोघं टपरीवर जायचे. मी गाडीत बसून तीन मिनिटं मोजायची, किल्ली फिरवायची आणि मग चहाला जायची. हे त्यांनी ज्या सहजतेनं माझ्यावर सोपवलं, त्या सहजतेची मला आज भीती वाटते.

पहिल्या रविवारी मी खरंच तीन मिनिटं मोजली. दुसऱ्या रविवारी समोर, फाट्यावर, वांगणीकडची तीन कुटुंबं बसली होती. एक बाई पोराला पाजत गाडीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेवाही नव्हता. एखादा विचित्र पक्षी बघावा तशी ती बघत होती. आणि आमचं इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल जाळत होतं. आदल्याच दिवशी मी रेशनच्या रॉकेलच्या रांगेवर लिहिलं होतं. हे कशासाठी? यंत्राला श्वास लागतो म्हणून? यंत्राला श्वास नसतो. गाडीपुढे लिंबू-मिरची टांगणारे आणि इंजिनला दम खाऊ देणारे, यांच्यात फरक काय? मी वळणाकडे पाहिलं. दोघं दिसेनासे झाले होते. टपरीवरचा स्टोव्ह फुरफुरत होता, आणि पत्रा ठोकून ठोकून चाचांचे कान तसेही अर्धे गेलेले. मी हात लांब केला आणि किल्ली फिरवली.

केवढी शांतता झाली. मला ती नैतिक शांतता वाटली. पाजणाऱ्या बाईकडे बघून मी हसले. तिनं मान वळवली.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी तेच केलं. त्यांची पाठ वळली की किल्ली. मग तीन मिनिटं तापल्या गाडीत बसून राहायची, आणि वेळ झाली की चहाला जायची. कुणालाही न सांगता मी एक छोटा लढा जिंकत होते.

आता वयाच्या तिशीकडे येताना मला त्या मुलीचं आणखी एक दिसतं, जे तिला दिसत नव्हतं. पेट्रोल आणि अंधश्रद्धा ही तिची सांगायची कारणं होती. खरं कारण त्या धक्क्यात होतं. पाठीला तळहात लागायचा त्या क्षणी तिला जे व्हायचं, त्याची तिला लाज वाटायची. आठवडाभर ती रविवारची वाट बघायची, गठ्ठे मोजून शनिवारीच बांधून ठेवायची. तिला ती गाडी आवडली होती. अगदी मनापासून, चाचांइतकी. आणि घरात निघालेल्या कुठल्याच पत्रकात त्या आवडीला जागा नव्हती. मग चढणीवर जेवढा आनंद घेतला तेवढी शिक्षा फाट्यावर गाडीला द्यायची. असा तिचा हिशेब होता, आणि तो तिचा तिलाही कळलेला नव्हता.

नागली खळ्यात येऊन पडली होती तो रविवार. गुरुजींनी त्याआधी दोन-तीन आठवडे इंजिनचं तेल आणलं होतं. चाचांचं नेहमीचं तेल संपलं होतं, गुरुजी शिबिरासाठी नाशिकला गेले होते, येताना एक डबा घेऊन आले. मोठ्या अभिमानानं, कारण गाडीसाठी त्यांनी स्वतः निवडून आणलेली ती पहिलीच वस्तू. चाचांनी डबा नाकाशी धरला, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि म्हणाले, चालेल.

त्या रविवारी चढणीवर चाचांनी पाय दाबला. एक. दोन. तीन. शीळ आली नाही. तिच्या जागी खरवडल्यासारखा आवाज, आणि मागच्या काचेतून दिसणारा रस्ता निळ्या धुरात नाहीसा झाला. गुरुजी मागून म्हणाले, "काटा उठत नाय." पुन्हा म्हणाले, "हनीफ, काटा उठत नाय."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात चाचांनी टर्बो सोडवला, इंजिनात हवा कोंबून तो धक्का देणारा भाग. गोगलगायीच्या शंखासारखा लोखंडी डबा, आत बोटभर जाडीचा दांडा. तो दांडा जागचा हलत नव्हता. तेल जायच्या वाटेत काळी खपली धरली होती, तव्याला लागलेल्या करपट पिठासारखी. चाचांनी ती नखानं काढली, बोटांत चोळली. मग माझ्याकडे वळले.

"तीन मिनिटं ठेवायचीस ना?"

गुरुजी तिथेच उभे होते. मी म्हटलं, "हो."

एवढंच. माझ्या आयुष्यात मी सरकारी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून खरं बोलले आहे, मोर्चात बोलले आहे, कोठडीत बसूनही बोलले आहे. तिथे त्या तेलकट फरशीवर मला ते जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा ते खोटंही वाटलं नाही, कारण तीन मिनिटांनी काही बिघडतं यावर माझा विश्वासच नव्हता. बिघडलं ते कशानं तरी दुसऱ्यानं, असं मी धरून चालले.

चाचांनी मान हलवली. "मग तेल जळलं," ते म्हणाले. "तेलच हलकं होतं." गुरुजींकडे न बघता म्हणाले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते पुढच्या शनिवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. चाचांनी बोलावलं नाही. कुणीतरी सुचवलं, तो डबा काढून टाका, साध्या गाडीसारखी चालेल. चाचा म्हणाले, चालेल, पण मग ती दुसरी गाडी. त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. भट्टीचे ट्रक आले. माणसं गेली. मीही पुढे शिकायला गेले.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात, ठाण्याच्या एका सायबर कॅफेत, काम संपवून दहा मिनिटं उरली होती म्हणून मी त्या गाडीचं नाव टाइप केलं. काहीच निघणार नाही असं वाटलं होतं. एक पान उघडलं, त्यात जगभरचे पन्नासेक वेडे. कुणी बर्फाच्या देशातला, कुणी वाळवंटातला. सगळ्यांकडे तीच गाडी, पापण्यांच्या दिव्यांची. एकानं लिहिलं होतं की त्याच्या गावात त्याच्या गाडीला सगळे हसतात. दुसऱ्यानं लिहिलं होतं की त्यानं वायपर बसचा लावलाय. मी खुर्चीत बसून मोठ्यानं हसले, शेजारचा माणूस वळून बघायला लागला. जव्हारच्या उतारावर दोन माणसं जे करत होती, ते या पन्नास जणांना ओळखीचं होतं. फक्त त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

नवख्यांसाठी तिथे इंग्रजीत एक सूचना होती, अगदी वरच. चढ चढून आलात तर इंजिन ताबडतोब बंद करू नका. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. टर्बो लालबुंद तापलेला असतो, फिरतं तेल त्याला निववतं. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आणि थांबलेलं तेल तिथेच करपतं. कितीही चांगलं असलं तरी. वारंवार असं झालं तर दांडा जाम होतो.

कितीही चांगलं असलं तरी. ही ओळ मी शब्दकोश न बघता वाचली.

मी पत्रकांवर वाढले याचा मला पस्तावा नाही. फाट्यावर यंदाही माणसं बसलेली होती, यंदाही पत्र्याच्या पेट्या होत्या, आणि मला यंदाही तेवढाच राग आला. तो असू दे. पण पत्रकांनी मला सरकारला 'का?' विचारायला शिकवलं, आणि मी तो प्रश्न हनीफचाचांना कधी विचारलाच नाही. नुसतं 'का, चाचा?' एवढं विचारलं असतं, तर त्यांनी बॉनेट उघडून बोट लावून दाखवलं असतं. ज्या माणसाच्या बोलण्यात पुस्तकी शब्द नव्हते, त्याच्या बोलण्यात कारणही नसणार, असं मी गृहीत धरलं. पत्रकं लिहिणारीला हे शोभत नाही. तिच्या सगळ्या पत्रकांचं म्हणणंच उलट होतं.

तर नागलीच्या दिवसांत मी घरी आले ती यासाठी.

चाचा आता स्कूटरच दुरुस्त करतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुसऱ्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. प्लग काढला, पुसला, परत बसवला. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग ते म्हणाले, "गावभर पर्चे वाटलेस तू. हा एक पर्चा दहा साल कुठं ठेवलास?"

मग त्यांनी पाना खाली ठेवला.

"आणि मला काय सांगतेस? माझी गाडी गेली. गाडी लोखंड हाय. गुरुजीला सांग."

पोशेऱ्याला गुरुजींच्या खळ्यावर नागलीची मळणी चालली होती. ते निवृत्त झालेत, चष्मा आणखी जाड झालाय. मला बघून आनंदले, बाबांची चौकशी केली, बसायला पोतं दिलं. मी सांगितलं. ते ऐकत असताना मुठीतली नागली एका हातातून दुसऱ्या हातात ओतत होते. माझं संपल्यावरही थोडा वेळ ओतत राहिले.

"म्हणजे तेल चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो, गुरुजी."

"मी त्या नाशिकवाल्या दुकानदाराशी भांडलो होतो. परत जाऊन. चार माणसांत त्याला लबाड म्हणालो." मग म्हणाले, "दहा वर्षं मी जव्हारच्या स्टँडवर उतरलो की पलीकडच्या बाजूनं जातो. हनीफच्या गॅरेजवरून जायला नको म्हणून. त्या बाजूला चढ हाय मोठा."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही मागितलं नाही. मागणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच काहीतरी घेणं झालं असतं. त्यांनी हात झटकले, मुलाला खळं सांभाळायला सांगितलं, पाय धुतले, कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला. दुपारच्या जीपनं आम्ही जव्हारला आलो. गुरुजी उताराच्या बाजूनं, गॅरेजच्या बाजूनं चालले.

दारात उभं राहून म्हणाले, "हनीफ, तेल चांगलं होतं."

"समजलं मला," चाचा म्हणाले. स्टूल पुढे सरकवलं. "मीच नाकाशी धरलं होतं. मलाच कळायला पाहिजे होतं."

चहा झाला. मग दोघं उठले आणि एकेक टोक धरून त्यांनी ताडपत्री ओढली. आत उंदरांनी सीट कुरतडली होती, टायर हवा जाऊन बसले होते. पापण्या तेवढ्या जागच्या जागी. चाचा डावीकडे बसले. गुरुजी, या वयात, गुडघे मोडून मागे शिरले. मला कुणी बस म्हटलं नाही. मी थोडा वेळ बाहेर उभी राहिले. मग चाचांनी उजवीकडचं दार आतून उघडलं.

आम्ही तिघं बंद गाडीत बसून होतो. समोर गॅरेजची भिंत. मागून गुरुजींचं डोकं पुढे आलं, त्यांनी चष्मा सारखा करून ती छोटी तबकडी पाहिली.

"झोपलीय," ते म्हणाले.

चाचांना चढणीवर एकदा जायचं आहे, डोळे शाबूत आहेत तोवर. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत वाढतो आहे. त्यांनी मागितलेलं एवढंच आहे. इंजिन त्यांनी दर वर्षी हातानं फिरवून मोकळं ठेवलं आहे. नाही आहे तो फक्त तो शंखासारखा डबा. बर्फाच्या आणि वाळवंटाच्या देशांतल्या पन्नास जणांना मी लिहिलं. त्यांच्याकडेही एकेकच आहे.

म्हणून हे लिहिते आहे, आणि तुमच्याकडे एक काम आहे. आखातातून परतताना ऐंशी-नव्वदच्या सुमारास अशा गाड्या घेऊन येणारे चाचा एकटे नव्हते. कोकणात असतील, मराठवाड्यात असतील, तुमच्या आळीतही एखादे असतील. त्यांच्या परसात, गोठ्यात, आंब्याखाली ताडपत्रीखालचं काहीतरी तुम्ही रोज बघता. आज जाऊन विचारा आणि ताडपत्री उचला. दोन दारं, डावं स्टिअरिंग, दिव्यांवर अर्ध्या पापण्या, मागे लाल अक्षरं. दिसली तर या अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पोस्टकार्ड टाका. भंगारवाल्याला द्यायच्या आधी टाका.

आणि तुमच्यासमोर ती चालू झालीच, तर धन्याला 'का?' विचारा, आणि तो सांगेपर्यंत तीन मिनिटं किल्लीला हात लावू नका.